झोर्की-४ चा ताण वाढवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या कपाटात झोर्की-४ हा जुना सोव्हिएत फिल्म कॅमेरा सापडला, ज्युपिटर-८ लेन्ससकट. शटर चालतं, पण १/५०० आणि १/१००० सेकंदाच्या वेगांवर काढलेल्या फोटोंची उजवी बाजू काळी येते. फोकसची रिंग दोन्ही हातांनी पिळूनही हलत नाही. कुणीतरी सांगितलं की तळाकडचे दोन स्क्रू पिळून शटरच्या पडद्याचा ताण वाढवला की काळी बाजू जाते. ते करावं का, आणि बाकीचं काम घरी जमेल का?

ताण वाढवू नका. निदान आत्ता तरी नको. बाकीचं बरंचसं घरी जमेल, फक्त घाई चालणार नाही.

गेली बरीच वर्षं मी हे कॅमेरे उघडतोय. झोर्की, फेड, झेनिट, अधूनमधून एखादा किएव. माझ्या टेबलावर येणाऱ्या दहांतले सात-आठ कॅमेरे मोडलेले नसतात, फक्त आतलं ग्रीस वाळून चिकट झालेलं असतं. उरलेल्यांतले निम्मे कुणीतरी आधी ‘दुरुस्त’ केलेले असतात आणि त्यातल्या बहुतेकांत हेच दोन स्क्रू पिळलेले असतात. म्हणून आधी काळी बाजू का येते ते सांगतो. ते एकदा कळलं की स्क्रू पिळायचा मोह आपोआप कमी होतो.

या शटरमध्ये रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे आहेत. पहिला पळतो आणि फिल्म उघडी करतो, दुसरा मागून पळत येऊन ती झाकतो. १/३० ला पहिला पूर्ण पार गेल्यावर दुसरा निघतो, म्हणून फ्लॅशसुद्धा त्याच वेगावर चालतो. वेग वाढवला की दुसरा लवकर निघतो आणि १/५०० वर दोघांत जेमतेम काही मिलिमीटरची फट उरते. तीच फट फिल्मवरून सरकत जाते. आता पहिला पडदा चिकट ग्रीसमुळे जरासा रेंगाळला, तर मागचा त्याला वाटेतच गाठतो, फट मिटते आणि पुढच्या भागावर प्रकाश पडतच नाही. कॅमेऱ्याच्या मागून पाहिलं तर पडदे उजवीकडून डावीकडे पळतात. फिल्मवर प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे शेवटी उजळणारा भाग फोटोत उजवीकडे येतो. तुमच्याकडे काळी बाजू नेमकी उजवीच आहे, तेव्हा निदान जवळपास पक्कं समजा: पहिला पडदा आळसावलाय.

अशा वेळी स्प्रिंग आवळली तर काय होतं? घाणीवर जोर लावून पडदा पळतो खरा. महिनाभर फोटो ठीक येतात. मग घाण थोडी आणखी घट्ट होते, पुन्हा आवळावं लागतं, आणि शेवटी जुनं कापड कडेच्या पट्टीपासून सुटतं किंवा पडदा ओढणारी फीत तुटते. शिवाय एका पडद्याचा ताण वाढवला की दुसऱ्याचाही वाढवावा लागतो आणि सगळे वेग बिघडतात. माझ्याकडे आलेल्या एका फेड-२ ची स्प्रिंग इतकी पिळलेली होती की लॉकचा स्क्रू सैल करताच ती भर्रकन उलगडली आणि मूळ ताण किती होता हे कायमचं गेलं.

उघडण्याआधी दोन गोष्टी तपासा, स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी. शटरच्या बटणाभोवती एक कडं असतं. ते खाली दाबून फिरवलं की फिल्म मागे गुंडाळण्यासाठी यंत्रणा मोकळी होते. ते त्याच जागी राहिलं तर फिल्म पुढे न्यायचा नॉब फिरतो पण शटर चढत नाही, म्हणजे पुढच्या फोटोसाठी ताणून तयार होत नाही. ‘शटर मेलंय’ म्हणून आलेले दोन झोर्की मी हे कडं नुसतं फिरवून परत पाठवलेत. दुसरी गोष्ट म्हणजे फिल्म गुंडाळून घेणारी रिकामी रीळ. झोर्की-४ मध्ये ती सुटी निघते, आणि सुटी निघते म्हणूनच हरवते.

आणि एक सवय आजपासून लावून घ्या: वेग बदलायचा तो शटर चढवल्यानंतरच. आधी नॉब पूर्ण फिरवा, मग वेगाची चकती उचलून फिरवा. न चढवता चकती फिरवली तर आतली पिन भलत्या जागी अडकून मोडू शकते. कोणीतरी जोर लावून फिरवलेली चकती उघडल्यावर लगेच ओळखू येते, पिनच्या बाजूला धातूवर ताजा ओरखडा असतो.

आता हत्यारं. टोक नीट घासलेले तीन-चार सपाट स्क्रू ड्रायव्हर हवेत. रुंदी खाचेला तंतोतंत बसेल अशी हवी, एकाच ड्रायव्हरने सगळं उघडायला गेलात की खाचा गोल होतात. एक बारीक चिमटा, भिंगाचा चष्मा किंवा चांगलं हातभिंग, सुई, दोन बारीक रंगाचे ब्रश, लायटरमध्ये भरायचं इंधन, घड्याळाचं तेल आणि फोकसच्या आट्यांसाठी चांगलं ग्रीस. गंजलेली बिजागरी सोडवायचा जो फवारा घरोघरी असतो तो या टेबलाच्या आसपासही नको. तो पसरतो, पडद्यावर जातो, भिंगावर जातो, आणि वर्षभराने स्वतःच चिकट होतो. लायटरचं इंधन झटकन पेटतं, तेव्हा खिडकी उघडी आणि आसपास ज्योत नाही. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरा. सुटलेला स्क्रू त्यावर उडी मारत नाही आणि दिसतोही.

वरचं झाकण काढायला मुख्यतः तीन गोष्टी सोडवायच्या: फिल्म पुढे न्यायचा नॉब, वेगाची चकती आणि रिवाइंडचा नॉब. पहिल्या दोन्हींच्या कडेला बारीक, बिनडोक्याचे स्क्रू असतात. ते पूर्ण काढू नका, फक्त ढिले करा. पूर्ण काढलेला असा स्क्रू तांदळाच्या कणीपेक्षा लहान असतो आणि तो कधीच सापडत नाही. चकती काढण्यापूर्वी फोनने फोटो काढा: शटर चढवलेलं, वेग अमुक, खूण अमुक दिशेला. हा फोटो नसेल तर परत बसवताना १/६० च्या जागी १/२५० येतो आणि तुम्ही आठवडाभर भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसता. रिवाइंडचा नॉब काढताना आतून फिल्मच्या डब्यात जाणारा काटा धरून ठेवा आणि नॉब उलटा फिरवा. बरेचदा तो हट्टी असतो. सुईच्या टोकाने आट्यांवर एक थेंब इंधन सोडून दहा मिनिटं थांबलं की ऐकतो.

पुढे शटर पूर्ण बाहेर काढायचं की नाही हा निर्णय तुमचा. पहिल्या खेपेला मी नाही म्हणेन. पण काढायचं ठरवलंत तर एक गोष्ट नीट वाचा. लेन्स ज्या गोल कड्यात बसते ते कडं चार स्क्रू काढले की सुटतं, आणि त्याच्या खाली पातळ चकत्या असतात. कधी कागदी, कधी पत्र्याच्या, कधी एकाच बाजूला अर्धी. पाहिल्यावर कुणाचातरी आळस वाटतो. प्रत्यक्षात कारखान्यात कुणीतरी त्या एकेका कॅमेऱ्यासाठी हाताने लावलेल्या असतात, कारण लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिलिमीटर यायला हवं आणि प्रत्येक बॉडी जराशी वेगळी ओतली गेली होती. माझ्या दुसऱ्याच झोर्कीत मी त्या चकत्या ‘कचरा’ म्हणून पुसून टाकल्या. नंतर दोन महिने माझे सगळे फोटो किंचित धूसर होते आणि मी लेन्सला शिव्या देत होतो. चकत्या निघतील त्या क्रमाने, त्याच दिशेने कागदावर टेपने चिकटवून ठेवा.

आता सफाई. पडदे ज्या रोलरवर गुंडाळतात त्यांची वरची आणि खालची टोकं जिथे फिरतात, तिथे ब्रशच्या टोकाने इंधनाचा एक थेंब. शटर चढवा, सोडा. पुन्हा थेंब. वितळलेली तपकिरी घाण बाहेर आली की टिश्यूच्या टोकाने टिपा. पडद्याच्या कापडाला इंधन लागू देऊ नका, रबर आणि गोंद दोन्ही ढिले होतात. असं चार-पाच वेळा केल्यावर पन्नासेक वेळा शटर मारा आणि रात्रभर ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी आवाजातच फरक कळतो, आधी ‘घप्प’ वाजणारं शटर आता ‘टप’ वाजतं. मग घड्याळाचं तेल, सुईच्या टोकाला चिकटेल तेवढंच, प्रत्येक टोकाला. ते दिसता कामा नये. दिसलं म्हणजे जास्त झालं. सेकंदाच्या हळू वेगांची दातेरी चाकं असतात, त्यांना तेल द्यायचंच नाही, फक्त धुवायचं. एका सेकंदावर शटर मध्येच घरघरत थांबत असेल तर तिथेच घाण आहे.

एवढ्यानेच तुमची काळी बाजू जाईल असा माझा अंदाज आहे. बहुतेकदा जाते.

नाही गेली, तर आधी कापड बघा. अंधाऱ्या खोलीत मागचं झाकण काढा, लेन्स काढा, पुढून लहान टॉर्च लावा आणि फिल्मच्या बाजूने पहा. हे दोनदा करायचं: एकदा शटर चढवून, एकदा मोकळं असताना. चढवल्यावर समोर पहिला पडदा असतो, मोकळं असताना दुसरा. एकच तपासून निर्धास्त झालेले लोक नंतर ‘प्रकाश कुठून गळतोय’ म्हणत फिरतात. आकाशातल्या ताऱ्यांसारखे ठिपके दिसले तर काळा कापडी रंग थोडा पातळ करून, ब्रशच्या एका केसाने म्हणावं इतका कमी लावा. एकच मोठं गोल भोक असेल तर ते बहुधा उन्हाने पाडलेलं असतं. या कॅमेऱ्यांत आरसा नसतो, टोपण न लावता लेन्स सूर्याकडे राहिली तर ती थेट पडद्यावर उन्हाचा ठिपका पाडते आणि कापड जळतं. रंगाने ते बुजत नाही, मागून पातळ तुकडा चिकटवावा लागतो.

कापड पत्र्यासारखं कडक झालं असेल, चुण्या पडून मोडत असेल, तर मात्र पडदा बदलण्याला पर्याय नाही. ते काम शिकता येतं, पण पहिल्या कॅमेऱ्यावर नाही. जुना पडदा काढण्याआधी त्याचं प्रत्येक माप घ्यायचं, नवं कापड पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचं हवं, कडेची पट्टी आणि फिती काटकोनात हव्यात, अर्धा मिलिमीटर तिरकं गेलं की फट एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद. यासाठी दुसरा एखादा निकामी फेड-२ मिळवा आणि त्यावर हात बसवा. निकामी कॅमेरा सुटे भाग म्हणूनही कामाला येतो. कारखान्याचे नवे भाग आता बनत नाहीत, पण सुटे भाग देणाऱ्या कॅमेऱ्यांची कमतरता नाही: झोर्की-४ १९५६ ते १९७३ या काळात लाखांनी बनला.

सगळं स्वच्छ आहे, कापड मऊ आहे आणि तरीही १/१००० वर उजवी बाजू किंचित गडद, अशी वेळ आली तर मग ते दोन स्क्रू. पहिल्या पडद्याचा, पाव वळण, आणि किती वळवलं ते कागदावर लिहून. प्रत्येक पाव वळणानंतर वीस वेळा शटर मारा आणि पुन्हा तपासा. एका पूर्ण वळणाच्या पुढे जावं लागतंय असं दिसलं तर दोष दुसरीकडे आहे, मागे या.

तपासायचं कसं? २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घेणारा फोन असेल तर हळू वेग छान मोजता येतात. एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची, म्हणजे १/३० ला आठेक फ्रेम उजेड दिसायला हवा. १/५०० ला हे निरुपयोगी आहे. त्यासाठी जुना, जाड काचेचा टीव्ही सर्वांत उत्तम. पडद्यावर नुसता उजेड, लेन्स काढलेला कॅमेरा समोर, मागून डोळा. तिरके पट्टे दिसतात. पट्ट्याची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी असेल तर दोन्ही पडदे एका चालीत आहेत. पट्टा निमुळता होत जाऊन नाहीसा झाला तर दुसऱ्याने पहिल्याला गाठलं.

आता लेन्स, जिथे खरी मजा आहे. ज्युपिटर-८ मध्ये सहा काचा तीन गटांत आहेत, मूळ बांधणी झाईस या जर्मन कंपनीच्या ‘सोनार’ लेन्सची. फोकस रिंग दगडासारखी होण्याचं कारण पुन्हा तेच, आट्यांतलं ग्रीस. जोर लावून फिरवू नका, मार्गदर्शक स्क्रू वाकतो. काचांचा पूर्ण गोळा फोकसच्या नळीतून स्क्रूसारखा उलटा फिरवून बाहेर येतो. तो आधी काढून, टोपण लावून, दूर ठेवा. त्याच्या बुडाशीही एखादी चकती असते, तिचंही वरच्यासारखंच.

मग नळी. मार्गदर्शक स्क्रू काढला की आट्या फिरवत फिरवत दोन भाग वेगळे होतात. इथे थांबा. हे आटे साध्या स्क्रूसारखे एकेरी नाहीत. त्यात आत शिरायला अनेक सुरुवाती असतात आणि त्यातली एकच बरोबर. म्हणून दोन भाग एकमेकांपासून ज्या क्षणी सुटतात, त्याच क्षणी दोन्हींवर समोरासमोर पेन्सिलने रेघ मारा. मी पहिल्यांदा मारली नव्हती. एक अख्खी संध्याकाळ प्रत्येक सुरुवातीतून आत शिरवून, शेवटपर्यंत फिरवून, अनंताची, म्हणजे सर्वांत दूरच्या फोकसची, खूण जुळते का बघत बसलो. जुळली ती अर्थात शेवटच्या खेपेला. मग सगळं इंधनाने धुवा, जुन्या टूथब्रशने आट्यांच्या तळातलं पिवळं मेण काढा, पूर्ण वाळू द्या आणि नवं ग्रीस अगदी पातळ लावा. फार सैल ग्रीस घेतलंत तर त्यातलं तेल काही महिन्यांत पाझरून काचांवर धुकं आणतं.

काचांमध्ये बुरशीचं जाळं असेल तर लवकर काढा, ती कोटिंग खाते. नुसते धुळीचे चार कण असतील तर नका उघडू, फोटोत काही दिसत नाही. उघडताना आतल्या काचेवर स्क्रू ड्रायव्हर घसरला तर तो ओरखडा मात्र दिसतो.

लेन्स बसवली की आधी खात्री करायची ती फिल्मच्या जागी. मागच्या रुळांवर अर्धपारदर्शक टेप ताणून चिकटवा, शटर ‘बी’ वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं तो वेग) उघडं धरा, लेन्स अनंतावर आणि दूरच्या दिव्याची प्रतिमा भिंगाने पहा. इथे तीक्ष्ण दिसली तरच रेंजफाइंडरकडे, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस दाखवणाऱ्या यंत्रणेकडे, वळा. उलट क्रमाने गेलात तर लेन्सची चूक रेंजफाइंडरने झाकली जाते आणि दुसरी लेन्स लावली की पुन्हा गोंधळ. रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा उभ्यात वर-खाली असतील तर पुढच्या लहान खिडकीतली पाचरीसारखी काच फिरवून त्या एका पातळीत येतात. आडव्यात, म्हणजे अनंतावर, जुळवायचा स्क्रू खिडकीशेजारच्या एका लहान झाकण-स्क्रूच्या मागे असतो. एक मीटरवर चुकत असेल तर लेन्सच्या मागे टेकणारं बोट किंचित फिरवावं लागतं. एक दुरुस्त केलं की दुसरं हलतं, म्हणून जवळ, दूर, जवळ, दूर असे तीन-चार फेरे धरूनच बसा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक कॅमेरा उघडला की दुसरा घ्यावासा वाटतोच, म्हणून बाकीच्यांबद्दल दोन शब्द. फेड-२ शिकायला सर्वांत बरा: हळू वेगांची यंत्रणाच नाही, भाग कमी. फेड हे नाव खार्किवमधल्या, सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एड्मुंडोविच झेरझिन्स्की याच्या नावाच्या श्रम-वसाहतीवरून (त्याच्या आद्याक्षरांतून) आलंय, तिथे १९३४ पासून लायका या जर्मन कॅमेऱ्याच्या धर्तीवर कॅमेरे बनू लागले. १९४८ मध्ये मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये झोर्की सुरू झाला तो याच वंशातून. झोर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. यांच्याच अंगावरचं मूळ नाव पुसून ‘लायका’ आणि नाझी चिन्हं कोरून विकण्याचा धंदा जुना आहे. सोनेरी मुलामा आणि गरुड दिसला की बहुधा आत फेडच. क्रास्नोगोर्स्कच्या बहुतेक क्रमांकांचे पहिले दोन आकडे सालाचे असतात, तुमच्या लेन्सचं आणि बॉडीचं साल जुळतं का पहा. झेनिट-ई चं शटर याच जातीचं आहे, त्यामुळे वरचं बरंचसं तिथेही लागू. त्याचा उजेड मोजणारा सेलेनियमचा मीटर मात्र मेला असेल तर मेलेलाच सोडा, फोनमधला मीटर वापरा. किएवला घरी हात लावू नका. १९४७ पासूनचं ते शटर कॉन्टॅक्स या जर्मन कॅमेऱ्याच्या घराण्यातलं, वरून खाली उलगडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचं आणि रेशमी फितींचं. मी स्वतः एक किएव दोन वर्षं डब्यात ठेवून नंतर अधिक कसलेल्या हातात दिला.

सगळं जुळवून झालं की पहिला रोल कलेसाठी खर्च करू नका. एकसारख्या उजेडातली कोरी भिंत, प्रत्येक वेगावर दोन फ्रेम, वेग वाढेल तसं ॲपर्चर (लेन्सचं प्रकाशाचं छिद्र) उघडत जायचं म्हणजे घनता सारखी यायला हवी. मग एक फ्रेम एका मीटरवरच्या वर्तमानपत्राची, ज्युपिटर पूर्ण उघडून f/२ वर, आणि एक दूरच्या इमारतीची. निगेटिव्हवर १/१००० च्या फ्रेमची शेवटची कड किंचित पातळ दिसेल. तेवढं या शटरला माफ आहे, नवं असतानाही ते तिथे काठावरच चालायचं. १/५०० ची कड पातळ असेल तर पुन्हा इंधन आणि ब्रश काढा.